डोळा लागणे

खोकी बनवणाऱ्या कारखान्यात डिंकवाल्यावर आरोप होता की तो कामावर झोपला. सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती. चौकशीला युनियनचं माणूस सोबत नेण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला, म्हणून त्याने सेक्रेटरीताईंना नेलं.

चौकशी अधिकारी पोटभर जेवून आले होते आणि मुकादमाची साक्ष संपता संपेना. ऐकता ऐकता अधिकाऱ्यांची हनुवटी टायवर टेकली. डिंकवाला खाकरणार, तोच ताईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

"राहू दे रे बाबा," त्या कुजबुजल्या आणि कारकुनाकडे वळल्या. "भाऊ, वेळ लिहा."

कारकुनाचं कामच सगळं लिहून घेण्याचं. त्याने लिहिली.

वीस मिनिटांनी अधिकारी दचकले.

"साहेब, झोपला होतात?" ताईंनी मायेने विचारलं.

"छे, झोपतोय कशाला? जरा डोळा लागला."

"लिहा भाऊ, साहेबांच्याच शब्दांत. आता नियमावली बघा. शिक्षा झोपण्याला आहे, डोळा लागण्याला नाही. आमच्या माणसाचाही डोळाच लागला होता."

अधिकाऱ्यांनी नियमावली दोनदा चाळली, कारकुनाचा कागद एकदाच वाचला आणि खाली लिहिलं, 'आरोप सिद्ध होत नाही.'

"म्हणजे माझी साक्ष फुकट गेली?" मुकादम फुरंगटून म्हणाला.

"असं कसं, दादा," ताई म्हणाल्या. "तुमच्या साक्षीशिवाय साहेबांचा डोळा लागला असता का?"