दोन मोटारींची शिलाई

सुई वाकडी, टोकाशी किंचित निळसर — आणि कुणालाच पटणार नाही, पण जगातल्या सगळ्यांत वेगवान अशा दोन मोटारींच्या सीटा याच सुईनं शिवल्या, एकीच्या अमरावतीत, दुसरीच्या इथं अकोल्यात, मध्ये पन्नास वर्षं... ऑटोच्या फाटक्या सीटमधून दोरा ओढत कुर्बान सांगत होता आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून सहदेवकडे पाहत होता.

आपल्या वावरातला मोगरा बाजारात उतरवून कुर्बानच्या दुकानात यायचं, चहा प्यायचा आणि त्याला खोटं पाडायचं, हा सहदेवचा कित्येक वर्षांचा नेम. पण दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर हिवरखेडला त्याचा धाकटा भाऊ पुंजाराम गेला — त्या वर्षांत जसे शेतकरी जात होते तसाच, न सांगता, शेतात — तेव्हापासून सहदेव कशालाच नाही म्हणत नाही.

"पह्यली निळी, जिनिंगवाल्या शेटची. सीटमंधी घोड्याचे केस. माह्या उस्तादनं अमरावतीत बिडी पेटवली, ते इझली धारणीत! घाटासकट!"

"असन," सहदेव म्हणाला. असेल, एवढंच.

पूर्वी तो नुसत्या बिडीवर तुटून पडला असता. निळी खरी होती. कुर्बान तेव्हा उस्तादच्या हाताखालचा पोरगा, तिच्या सीटवर त्यानं गाल टेकवला होता — थंड कातडं, खोगिराचा वास... पण चालताना तिला त्यानं कधी पाहिलं नाही. बैलजोडी लावून ओढत नेली. हे खरं जास्त गमतीचं, पण खऱ्याला कोण खोटं पाडणार?

"दुसरी पिवळी, यंदाची. इतकी बुटकी का वरून कोंबडी उडून गेली. निळीत बसला का मानूस नवाब, पिवळीत बसला का बंदुकीतली गोळी. बाळापूरले हॉर्न मारला. मूर्तिजापूरले फाटक बंद होतं म्हून थांबलो, तवा कुठं तो आवाज मांगून येऊन पोचला!"

"असन."

"अजी, चाय तं पिऊ द्या त्यायले," आतून कुर्बानची बायको नसीमबानो म्हणाली.

पिवळी नव्हतीच. हायवेवर एका लांब ट्रकवर ताडपत्रीचा कोपरा फडफडला, त्याखाली काहीतरी पिवळं — तेवढ्यावर कुर्बाननं अख्खी मोटार शिवली होती. पण ते 'असन'... पुंजारामही शेवटी शेवटी कुणी काहीही म्हटलं की हेच म्हणायचा, असं सहदेवनंच एकदा सांगितलं होतं, चहाकडे बघत. आता वेग वाढवून उपयोग नव्हता. आभाळापर्यंत नेला तरी हा असनच म्हणेल. मग काय... शब्द कुठून आले कुर्बानलाही कळलं नाही —

"त्याच पिवळीत तुह्या वावरातल्या शेवंतीची टोपली टाकली, आन् रामनवमीले पोचवली कौंडण्यपूरले. पाकळी नाई गळली."

सहदेवनं कप खाली ठेवला.

"कवा?"

"रामनवमीले."

"झूट! रामनवमीले शेवंती कुठून आणली बे? थंडीचं फूल हाय ते! उन्हाळ्यात शेवंती दाखव मले एक, एक दाखव!"

"आन् गाडी?"

"गाडी गेली खड्ड्यात! शेवंती कवा लावतेत, हे तरी ठाव हाय काय तुले?"

हे आपण मुद्दाम म्हणालो की चुकून... कुर्बानला ठरवायची घाई नव्हती. सहदेव सांगत होता — रोप कधी लावायचं, कळी कधी धरते, धुकं पडलं तर काय — आणि कुर्बानला वाटत होतं, आता आपण मध्ये बोलू नये.