घंटेच्या आतला अंगठा

जलेसरात घंटा ओतणारी घरं ढीगभर, पण कान एकच, शब्बन मियाँचा. त्यांनी ठोकून मान डोलावल्याशिवाय घंटा गावाबाहेर पडायची नाही.

त्या दिवशी कारागिरांच्या बैठकीत मथुरेच्या व्यापाऱ्यानं एक घंटा आणून ठेवली. "ही कासगंजची. आता मी माल तिथूनच घेणार."

"कासगंजची?" पंच रमजानी सेठ उखडले. "कालपर्यंत चिमटे ठोकत होते लेकाचे! आपल्यातलाच कुणीतरी फितलाय. चाचा, बघा बरं. आपली विद्या निघाली तर त्या घराला साच्याची माती बंद, अन् त्यांच्या लेकीबाळींना गावची वेस बंद."

शब्बन मियाँनी घंटेच्या आत बोट फिरवलं आणि ते एका जागी थबकलं. काठाशी हरभऱ्याएवढा उंचवटा. साच्याच्या मातीत अंगठा दाबायची ही खोड एकाच पोरीची, त्यांच्या शगुफ्ताची. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी तिलाच शिकवलं होतं. ती कासगंजला नांदायला गेली, तेव्हा काय हात माहेरी ठेवून जाणार होती? नवऱ्याची भट्टी विझत आली होती, ती तिनं पेटती ठेवली. यात पोरीनं काय पाप केलं, सांगा!

त्यांनी घंटा ठोकली. अहाहा, काय घुमली! रस्त्यावरचा पानवालासुद्धा वळून बघायला लागला. बापाचा ऊर भरून आला.

"फुटकी आहे," ते म्हणाले. "आवाजच नाही. आपल्यातला कुणी असलं शिकवेल?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रमजानी सेठनी कपाळावर हात मारला. "चाचांचे कान गेले की हो! आता चोर ओळखायचा कुणी?" दुसऱ्या दिवसापासून पारखीला दुसरा माणूस बसला.

गेले तर गेले कान. ईदेला पोरगी घरी येईल, एवढ्यावर मियाँ खूश होते. शेवयाही त्यांनी स्वतः आणल्या.

ईदेला जावई एकटाच आला.

"शगुफ्ता कुठंय?" मियाँनी त्याला आत ओढत विचारलं.

"येत नाही म्हणते. व्यापाऱ्यानं तिला तुमचं बोलणं सांगितलं. तिनं साचे फोडले, मागणी परत केली."

"अरे वेड्या, मी तिच्यासाठीच खोटं बोललो! सांगायचंस ना तिला!"

"मी ओळखलं होतं, अब्बा. घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं." जावयानं मान खाली घातली. "ती म्हणाली, माझे अब्बा घंटेबद्दल कधी खोटं बोलत नाहीत."