वळणावरचं गवत

ऑफिसात तिला सगळे माळीणबाई म्हणायचे. घरी तिला एक कुंडी धड जगवता आलेली नव्हती, पण कॉम्प्युटरवर तिने आजवर काही एकर हिरवळ पेरली होती. साहेब कॅड प्रोग्रॅममध्ये बंगल्याचा आराखडा काढणार आणि ती त्याचं रेंडर करणार, म्हणजे गिऱ्हाइकाला भुरळ पडेल असं हुबेहूब फोटोसारखं चित्र. भिंत आणि जमीन नीट जुळली नाही की साहेब म्हणायचे, "गवत टाका." पायरी वाकडी आली, टाका गवत. वर्षानुवर्षं ती लोकांच्या चुकांवर गवत टाकत आली होती आणि त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

आज मात्र ती घरच्या माणसासाठी गवत घेऊन आली होती.

परिवहन कार्यालयाच्या लांबट व्हरांड्यात ती आणि तिचा धाकटा दीर बाकावर बसले होते. तो पावाची गाडी चालवायचा. महिन्यापूर्वी गावाबाहेरच्या वळणावर, उताराखालच्या आडवाटेने सायकलवरून रस्त्यावर आलेल्या एका बाईंना त्याच्या गाडीची धडक बसली. बाई शाळेत ग्रंथपाल होत्या. जीव वाचला, पण कंबरेचं हाड मोडलं आणि त्या अजून इस्पितळातच होत्या. पोलिसांना, मालकाला, आईला, सगळ्यांना त्याने एकच सांगितलं होतं, "वळणावर छातीइतकं गवत होतं. मला काही दिसलं नाही."

आणि अपघात झाल्याबरोबर रस्तेवाल्यांना जाग आली. त्यांनी ते गवत साफ कापून टाकलं. शहाणपण सुचायला याहून बरा मुहूर्त त्यांना मिळाला नसावा. आता तिथे बोडका उतार होता आणि त्यावरून पार पलीकडचं दिसत होतं. आज परवान्याचा निकाल लागणार होता. परवाना गेला की नोकरी गेली, आणि गाडी चालवण्यावाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं. सासूबाईंनी निघताना सुनेचा हात धरला होता. "तुझ्या हातात आहे गं सगळं," एवढंच म्हणाल्या होत्या.

म्हणून तिने ते वळण पुन्हा उभं केलं होतं. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला तसंच गवत अजून शाबूत होतं. दिराला टेपचं टोक धरायला लावून तिने त्याची उंची मोजली, फोटो काढले. ड्रायव्हरच्या सीटवर बसून डोळ्यांची उंची मोजली. मग कॉम्प्युटरमध्ये रस्ता, उतार, आडवाट, पोलिसांच्या अहवालातलं लाल जाकीट घातलेली सायकलस्वार बाई, सगळं जिथल्या तिथे मांडलं, आणि शेवटी गवत. काल संध्याकाळी चित्र तयार झालं. त्यात सायकल अजिबात दिसत नव्हती. नवऱ्याने तिची पाठ थोपटली, सासूबाईंनी डोळे पुसले.

दीर चहा आणायला गेला होता. आत जाण्याआधी एकदा नजर टाकावी म्हणून तिने लॅपटॉप उघडला. चित्र मोठं करून बघितलं, शंका आली म्हणून मूळ मांडणीत गवत त्यामागच्या सायकलशी ताडून पाहिलं, आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

गवताचं एक पातं सायकलच्या टायरपेक्षा रुंद होतं.

तिला लगेच कळलं काय झालंय ते. बंगल्यांपुढे घोट्याच्या वर गवत कधी लागलंच नव्हतं. कॉम्प्युटरवरच्या तिच्या तयार नमुन्यांच्या संग्रहात होती ती फक्त कापलेली लॉन. सवयीने तिने तीच उचलली आणि छातीपर्यंत ताणली. ताणताना फक्त उंची वाढवायची, ते राहिलं. उंची वाढली तशी पात्यांची रुंदीही वाढली, आणि ती एकमेकांत अशी घुसली की मध्ये सुई जायला जागा उरली नाही. हिरव्या रंगाची भिंतच झाली होती ती. आणि काल घरातल्या एकाही माणसाला ते खटकलं नव्हतं, कारण सगळ्यांना भिंतच हवी होती.

दीर चहाचे दोन कागदी पेले घेऊन आला. "काय झालं वहिनी? असा चेहरा का?"

"गवत चुकलंय, भाऊजी."

"गवतात काय चुकायचंय?" तो हसला, पण हसू टिकलं नाही.

तिने त्याला पातं दाखवलं, टायर दाखवलं. तो पडद्यापाशी वाकला. "हे साहेबलोकांना कळेल?" त्याने हळूच विचारलं.

"नाही कळणार बहुतेक."

"मग?"

खरं सांगायचं तर सत्याबित्याची तिला फार पडलेली नव्हती. तिला एवढंच हवं होतं की गवत बरोबर केल्यावरही सायकल दिसू नये. मग चित्रही खरं, दीरही सुटला, आणि रात्री झोपही लागेल. त्या आशेवर तिने पाती बारीक केली, फोटोतल्या गवताकडे बघून झुपके विरळ केले, आणि रेंडर पुन्हा लावलं. एकच कोपरा, आडवाटेजवळचा. तेवढ्याला तरी वेळ पुरायला हवा होता.

आतून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. त्यांच्याआधी एकच माणूस उरला होता. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला, मांडीला चटके बसायला लागले. पडद्यावर आधी नुसते ठिपके होते, वाळू सांडल्यासारखे. त्यातून हळूहळू रस्त्याची कड वर आली. मग उतार. मग पाती, बारीक, एकमेकांवर रेललेली, काही वाळकी. तिने आयुष्यात केलेलं सगळ्यात खरं गवत होतं ते, आणि ते बघून तिला जराही बरं वाटलं नाही. ती डोळ्यांत तेल घालून एकाच जागी बघत होती.

तिथे पात्यांच्या मधून लाल दिसायला लागलं. फार नाही. इथे चिमूटभर, तिथे एक चीर. वाऱ्याने पाती सरकली तर जाईलही, असं.

दीर तिच्या खांद्यावरून बघत होता, आणि त्याच्या हातातला चहा सांडून बोटांवरून ओघळत होता तरी त्याला पत्ता नव्हता.

"हलत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"ते लाल. मला वाटलं रानफूल असेल. नाहीतर कुणी टाकलेली पिशवी." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "रोजचा रस्ता, वहिनी. कोण ब्रेक लावतंय फुलासाठी? मी विसरलोच होतो. काही दिसलं नाही, काही दिसलं नाही, असं सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं होतं."

तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. "कालचं चित्रही आहे माझ्याकडे," ती म्हणाली. बोललेलं तिचं तिलाच आवडलं नाही, पण तिने ते मागे घेतलं नाही.

तो काही बोलायच्या आत त्यांचा पुकारा झाला.

चौकशी अधिकारी बाई होत्या, वयस्क, दिवसभर लोकांची रडगाणी ऐकून थकलेल्या. त्यांच्या मागे मोठी खिडकी होती. तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला. दोन चित्रं शेजारी शेजारी होती. तिचा हात क्षणभर अडला, मग तिने आजचं उघडलं. दिराकडे बघायची तिची छाती झाली नाही.

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि पुढे झुकल्या. "हे ड्रायव्हरच्या जागेवरून?"

"हो. धडकेच्या थोडं आधीचं."

"गवताची उंची?"

"समोरच्या कडेला मोजली. तिथे अजून उभं आहे, तुम्ही माणूस पाठवून बघू शकता."

बाईंनी मान हलवली. खिडकीचा उजेड पडद्यावर पडत होता. त्यांनी डोळे बारीक केले, लॅपटॉप जरा तिरका केला, पुन्हा बघितलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "मला तर यात सायकल कुठे दिसत नाही. गवतच गवत आहे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे चालकाचं म्हणणं बरोबर दिसतंय."

तिचा जीव भांड्यात पडला. लाजेने कान तापले, तरी पडलाच. तिने खोटं काही दाखवलं नव्हतं. बरोबर गवत दाखवलं होतं, आणि तरीही तो सुटत होता. बाई लिहायला लागल्या होत्या.

शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दीर उठला होता. तो टेबलापाशी गेला, वाकला, आणि पडद्यावर त्याने बोट टेकवलं. त्याला शोधावं लागलं नाही.

"इथे, मॅडम," तो म्हणाला.