पहिल्या पावाचा घास

मी एका बेकरीत मुख्य कारागीर आहे आणि माझी बायको कच्चं खाऊन चक्कर येऊन पडली. या दोन गोष्टींचा संबंध फक्त मला ठाऊक होता, म्हणून तो सांगायचं कामही माझंच.

सुरुवात डॉक्टरांनी केली. माझी साखर वाढली होती. "तीन महिन्यांत आठ किलो उतरवा, नाहीतर इंजेक्शनं सुरू," ते म्हणाले. हिच्या मावसबहिणीने लगेच तोडगा सुचवला: आचेवर चढलेलं काही म्हणजे काही खायचं नाही. फळं, भाज्या, मोड आलेली कडधान्यं आणि सुकामेवा, बस्स. हिने त्याच संध्याकाळी शेगडी लख्ख पुसली आणि तिच्यावर फळांची टोपली ठेवून दिली.

"तू कशाला? तुझं आहेच कुठे वजन?" मी म्हणालो.

"तुमच्यासमोर बसून मी गरमागरम खाऊ? घास उतरेल का माझ्या घशाखाली?"

ही एका शिलाई कारखान्यात गणवेश शिवते. अंगाने काडी. पण एकदा म्हणाली की म्हणाली.

अडचण एकच होती. आमच्या बेकरीत प्रत्येक खेपेचा पहिला पाव मुख्य कारागिराने फोडायचा, आतली जाळी बघायची आणि एक घास खायचा. त्याने मान हलवल्याशिवाय बाकीचे ट्रे दुकानात जात नाहीत. अशा दिवसाला अकरा खेपा. हिने त्यावरही उपाय काढला. झाकणाचा एक छोटा डबा माझ्या पिशवीत टाकला.

"चव घ्या, चावा आणि थुंका. काम ते काम."

मी शब्द दिला.

पहिला आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. डोकं ठणकायचं. गाजर आणि कोबी चावून चावून जबडा दुखायचा. पोट असं फुगायचं की त्याची वर्दी शेजारी उभ्या असलेल्यालाही मिळायची. आणि थंडी! भट्टीसमोर उभं राहून हुडहुडी भरलेला माणूस आमच्या बेकरीने तोवर पाहिला नव्हता. ज्याच्या त्याच्या अंगावर खेकसत होतो. पण थुंकत होतो. आठ दिवस इमानेइतबारे थुंकलो.

नवव्या दिवशी सकाळी पहिल्या खेपेचा पाव फोडला, वाफ नाकात गेली आणि मी गिळला. तो गरम घास छातीतून खाली उतरताना मला रडूच आलं.

"गिळलात की, उस्ताद!" भट्टीवाला म्हणाला.

"चुकून गेला रे."

त्या दिवशी अकराही वेळा चुकून गेला. मग घासाचा अर्धा पाव झाला. डबा तर उघडायचोही नाही. फक्त घरी निघताना त्यात थोडा चुरा टाकायचो आणि नळाखाली धरून झाकण लावायचो, म्हणजे वापरल्यासारखा दिसावा. ही रोज संध्याकाळी कारखान्यातून आली की तो डबा धुवायची. लाज वाटायची. वाटायची आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डबा ओला करायचो.

दर रविवारी आम्ही कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे वजन करायला जायचो. ही आकडे कॅलेंडरवर लिहायची. तिसऱ्या रविवारी माझा काटा जिथल्या तिथे आणि हिचे दोन किलो कमी.

"वहिनी, तुमचं वजन साहेबांना देता वाटतं!" औषधवाला म्हणाला.

मी मोठ्याने हसलो. ही हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "माझंच कुठेतरी चुकतंय. बदाम जास्त होत असतील."

बदाम बंद झाले. पुढच्या रविवारनंतर खजूर. त्याच्या पुढच्या रविवारनंतर केळी. माझ्या ताटातून जे जाई ते हिच्याही ताटातून जाई. हिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मला दिसत होतं. सांगायचं रोज ओठांवर यायचं आणि मी वर काकडीची फोड कोंबायचो.

सहाव्या आठवड्यात कारखान्यातून फोन आला. मशीनवर काम करता करता हिला चक्कर आली होती आणि सुई बोटातून आरपार गेली होती. मी होतो तसा धावलो, एप्रनसकट.

दवाखान्यात डॉक्टर हिच्यावरच चिडले. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं उपाशी राहायला?"

"यांचं वजन उतरत नव्हतं हो. म्हणून मीच एकेक पदार्थ कमी करत गेले," ही म्हणाली. "मला नीट जमलं नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या एप्रनवर पावाचा चुरा होता. तो मी हळूच झटकला आणि मूग गिळून बसलो. मोड आलेले मूग सहा आठवडे गिळतच होतो, पण इतके कडू कधी लागले नव्हते. बाहेर आल्यावर ही बोटाचं बँडेज सांभाळत म्हणाली, "तुमचं खायचं राहिलं ना आज?" तेव्हा मला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या खेपेचा पाव मी कागदात गुंडाळला आणि भट्टीवाल्याला सांगून घरी आलो. ही टेबलाशी बसून डाव्या हाताने माझ्यासाठी गाजर किसायची धडपड करत होती. मी तिच्यासमोर पाव फोडला, घास तोंडात घातला, चावला आणि गिळला.

"रोज असं करतो," मी म्हणालो. "नवव्या दिवसापासून."

तिने माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "डबा ओला असायचा तो?"

"नळाखाली धरायचो."

"म्हणजे माझं काही चुकत नव्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाला. किसणी फेकून मारली असती तर बरं वाटलं असतं मला.

तिने पावाचा तुकडा तोडून तोंडात घातला. डोळे मिटून सावकाश चावला. सहा आठवड्यांनी पहिला गरम घास! तिचा घसा हलला आणि मला वाटलं, गिळला. पण तिने हात लांब करून माझ्या पिशवीतला डबा ओढला, झाकण काढलं आणि घास त्यात थुंकला.

"असं," ती म्हणाली. "जमतं."

मी डब्याला झाकण लावलं.

"आता ती टोपली खाली ठेवा आणि शेगडी पेटवा. मला काहीतरी गरम करून द्या. पोटभर." तिने किसणी माझ्याकडे सरकवली. "आणि हे गाजर तुमचं. किसून घ्या."