लाल पेटीवरचा श्री

हैदर मिस्त्रीचं पत्र चैत्रात आलं. आता भाद्रपद सरत आला, तरी मी उत्तर धाडलेलं नाही.

'मुन्शीजी, जालन्याच्या जिनात मिस्त्रीची जागा आहे. तिथले मालक म्हणतात, नांदूरघाटला तुझा खटका अडकला म्हणून बाईची बोटं गेली. खटका चालत होता, एवढं लिहून द्या. दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणालेत.'

आमच्या नांदूरघाटच्या जिनात कापसातून सरकी काढणारे चौदा रेचे एका इंजिनावर चालतात. खांबावरचा खटका ओढला की पट्टा मोकळ्या चाकावर सरकतो आणि सगळे रेचे थांबतात. कुणाचा धक्का लागू नये म्हणून हैदरनं त्याभोवती पुढून उघडी लाकडी पेटी ठोकली, लांबून दिसावी म्हणून लाल रंगवली. वरच्या फळीवर 'धोका दिसताच ओढा' असं त्यानं मला लिहायला सांगितलं. कोऱ्या फळीवर एकदम 'धोका' कसा लिहायचा? सवयीनं मी आधी श्री काढला.

रेच्यांवरच्या बायांना वाचता येत नव्हतं, पण श्री सगळ्या ओळखत. महिन्याभरात पेटीत हळदकुंकू पडलं, मग झेंडूची माळ आली.

"मुन्शीजी, पुसा की ते," हैदर म्हणाला. "माझ्या खटक्याचा देव झाला. उद्या बकरं मागंल."

"तूच पूस."

"मी? अन् गाव सोडंल व्हय मला?"

मी हसलो. श्री पुसायला हात धजेना, आणि दुसऱ्या कुणाला सांगायचीही लाज वाटली. ते तसंच राहिलं.

माघात मंजुळाबाईचा हात रेच्यात गेला. वच्छलाबाई पेटीपासून दोन पावलांवर होती. ती नुसती ओरडत राहिली. हैदरनं इंजिनाकडून धावत येऊन खटका ओढला. रेचे लगेच थांबले, मी दारातून पाहिलं. पण तोवर मंजुळाबाईची चार बोटं गेली होती.

त्याच संध्याकाळी वच्छलाबाईनं मला फाटकाशी गाठलं.

"तात्या, मला इटाळ हुता. द्येवाला शिवू कशी? कुणाला सांगू नगा."

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मालक विठ्ठलरावांनी तहसिलीसाठी मजकूर सांगितला, 'मिस्त्रीच्या हयगयीनं खटका अडकला.' मी तो लिहून घेतला. अक्षर चांगलं आलं. हैदरला काढलं.

विठ्ठलराव आणि जालन्याचे मालक व्याही आहेत. मी काय लिहिलं ते आठ दिवसांत इकडे कळेल. या वयात दुसरीकडे कोण ठेवील मला? पाच महिने मसुदे लिहितो, फाडतो, उठून अंगणात फेऱ्या घालतो. कधी भाषाच बरी वाटत नाही. खरं म्हणजे भाषेचं निमित्त आहे.

काल टपालवाला आसाराम म्हणाला, "तात्या, टपालात तीनदा आलात, तीनदा पाकीट खिशात घालून परत गेलात. कोण मेलंय का कुणाचं लगीन हाय?"

आज सकाळी पुन्हा बसलो. 'खटका चालत होता. मी डोळ्यांनी पाहिलं. तहसिलीचा कागद खोटा आहे आणि तो माझ्या हातचा आहे. पेटीवर श्री मी काढला, हैदरनं सांगूनही पुसला नाही. बाया त्याला देव मानू लागल्या, म्हणून वेळेला कुणी हात लावला नाही. दोष द्यायचा तर मला द्या.' वच्छलाबाईचं नाव घातलं नाही. खाली सही केली. ती वाकडी आली, पण पुन्हा लिहायला बसलो असतो तर दिवस गेला असता.

टपालात पोचलो तेव्हा आसाराम थैली बांधत होता.

"थांब रे!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. पाकीट त्याच्या हातात दिलं, आणि थैलीची गाठ बसेपर्यंत तिथंच उभा राहिलो.