त्रेचाळीस झेंड्या

चूक माझी. आधीच सांगते, म्हणजे उगाच दुसऱ्या कुणाच्या नावाने बोटं मोडायला नकोत.

रानातली झाडं मोजणं हे माझं काम. खाणीमागच्या उतारावर मला पुदिन्याच्या कुळातलं एक फूल सापडलं. चौकोनी देठ, जांभळ्या पाकळ्या, जगात दुसरीकडे कुठेच नाही. गुरुवारी सरकारी समितीने ते जागेवर जिवंत पाहिलं की त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ दर्जा मिळणार आणि खाण तिथेच थांबणार, एवढं ठरलं होतं.

एकच रोप दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून आम्ही प्रत्येकाशेजारी लाल झेंडी रोवतो. सोमवारी मी त्रेचाळीस रोवल्या.

धाकटा दीर त्याच खाणीत मशीन चालवतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, त्याचे डबे मीच भरले. त्या रात्री जेवताना म्हणाला, “वहिनी, उतारावर कसला बाजार मांडलायस?”

“अरे, एकेका झेंडीजवळ लाखमोलाचं रोप आहे!”

“आणि झेंडी नाही तिथे?”

“नुसतं गवत.”

एरवी खिदळणारा हा माणूस हसला नाही. ताट अर्धं टाकून उठला. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण म्हटलं, जाऊ दे, घरचाच आहे. बुधवारी खाणीला सुट्टी, तरी तो पहाटेच बाहेर पडला.

गुरुवारी समितीच्या बाईंना घेऊन गेले. लांबून सगळ्या झेंड्या दिसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. जवळ गेले, तर प्रत्येकीशेजारी वीतभर खड्डा. रोपं मुळासकट काढलेली, बाजूच्या गवताला धक्काही नाही.

बाई म्हणाल्या, “मातीत बी उरलं असेल. कुणी मुद्दाम उपटलं हे नावानिशी लिहून द्या, मी आजच खाण थांबवते. नाहीतर उद्या मशीन इथे येईल. जागा कुणाला माहीत होती?”

मला रडू फुटलं. “कुणालाच नाही,” मी म्हणाले.

संध्याकाळी दीर दारातच उभा होता.

“कुणाचं नाव घेतलंस का?”

“नाही.”

“बरं केलंस, वहिनी,” तो म्हणाला आणि मला आत जायला वाट दिली. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवसापासून मी माझ्या खोलीला आतून कडी लावते.