भाजीचं पाणी

निशिगंधेनं बटाट्याचं पातेलं फडक्यात धरलं आणि त्यातलं उकळतं पाणी दुसऱ्या भांड्यात, गंजात, गाळून घेतलं.

"आत्याबाई, चुलीकडे जाता जाता हे म्हशीच्या बादलीत टाका."

"अवं, सारं सत्त्व फेकून राह्यली तू," वच्छलाबाई सुनेला म्हणाल्या. "चोथा राह्यला आता. तोच घाल मामाजीले खाऊ."

"मॅडमनी तसंच सांगितलंय. चिरायचं, भिजवायचं, उकडायचं, पाणी टाकून द्यायचं."

मॅडम म्हणजे बुलढाण्याच्या दवाखान्यातली आहार सांगणारी बाई. सासऱ्यांच्या, निवृत्तीरावांच्या, साखरेनं किडनीपर्यंत मजल मारली, आणि त्या दिवसापासून त्यांचं ताट सुनेच्या हाती गेलं. मीठ चिमटीत आलं, वरण वाटीत आलं, केळी आणि टमाटे घरातून हद्दपार झाले. एवढंही वच्छलाबाईंनी सोसलं असतं. पण ठेचा कमी झणझणीत झाला म्हणून उभ्या जन्मात कितीदा तरी ताट सारणारा हा माणूस ते मिळमिळीत अन्न मुकाट खायचा आणि वर म्हणायचा, "झकास झालं, सूनबाई." ते ऐकलं की वच्छलाबाईंच्या अंगाची नुसती लाही व्हायची. सून देऊळगाव राजाची. 'मला-तुला' करत बोलायची, आणि तिच्याशी बोलताना निवृत्तीरावही 'मले' सोडून 'मला' म्हणायला लागले होते! बायकोशी कधी एवढं जपून बोलले होते काय?

घरात ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं. बीटी कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली, तेव्हा लेकानं, गोपालनं, हिरव्या बोंडांसकट पऱ्हाटी उपटून अंगणात तिचा ढीग घातला आणि तो मलकापूरच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. उजाडता जायचा, आल्यावर जेवून झोपायचा. आईचं रडगाणं त्यानं कधी ऐकावं?

त्या पऱ्हाटीवर वच्छलाबाईंची चूल पेटायची. निवृत्तीरावांना गॅसवरची भाकर चालत नव्हती, म्हणून तेवढी एक भाकर वच्छलाबाईंच्या हाती उरली होती.

आणि तिथंच त्यांनी डाव साधला होता. ज्वारीच्या पिठाला गरम पाणी लागतंच. मग हे चांगलं भाजीचं पाणी म्हशीला कशाला? पालकाचं असलं तर त्या खरंच बादलीत टाकत, कारण भाकरीला रंग आला असता आणि सुनेला कळलं असतं. बटाट्याचं, गवारीचं, कोबीचं मात्र थेट परातीत जायचं. मिठाचा कणही त्या घालत नसत. त्या बाबतीत त्यांचं मन अगदी साफ होतं.

"भाकर म्हणजे भाकर हाय बाप्पा तुही," निवृत्तीराव म्हणायचे. "बाकी सारं दवाखान्यातलं. हे येवढं घरचं."

मग रिकामं ताट घेऊन वच्छलाबाई सुनेच्या समोरून मुद्दाम सावकाश जायच्या.

पुढं निवृत्तीरावांच्या पायांतला जीवच गेला. उठायला गेले की मांड्या लटपटायच्या. दोघींनी त्यांना बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासून लगेच खाटेवर घेतलं, आणि मॅडमनी निशिगंधेला बोलावलं. वच्छलाबाई मागं उभ्या राहिल्या.

"पोटॅशियम एवढं कसं वाढलं? भाजीचं पाणी फेकता ना?"

"रोज, मॅडम."

"मग हे काय आहे? आम्ही घसा फोडून सांगायचं आणि तुम्ही घरी मनाचं करायचं!"

निशिगंधेचे कान लाल झाले. बरी जिरली, वच्छलाबाईंना वाटलं. लई हुशारी करून राह्यली होती.

"अहो, जे यांना चालत नाही ते त्या पाण्यातच उतरतं," मॅडम म्हणाल्या. "ते पोटात गेलं तर हृदय बंद पडेल एखाद्या दिवशी. कळतंय का तुम्हाला?"

वच्छलाबाईंनी पदर तोंडावर धरला.

बाहेरच्या बाकावर निशिगंधा डोळे पुसत बसली होती. "माझं कुठं चुकतंय तेच कळेना, आत्याबाई."

"तुहं नाई चुकलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "ते पाणी म्या म्हशीले टाकलंच नाई. भाकरीचं पीठ मळलं त्याच्यात."

"कशासाठी?"

"त्याईनं भाकर चांगली म्हणावं म्हणून. आनखीन काऊन? जळत होती मी तुह्यावर."

निशिगंधेनं नाक पुसलं आणि ती उठली.

"चला, आधी आत सांगू. औषध त्यावर ठरतं."

वच्छलाबाई तिच्या मागोमाग आत गेल्या. मॅडम त्यांना जे बोलल्या, ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

निवृत्तीराव सावरले आणि धामणगावला परत आले. त्या दिवशी बटाट्याच्या पाण्याचा गंज वच्छलाबाईंनी म्हशीच्या बादलीत पालथा केला. नळाचं पाणी चुलीवर ठेवलं, पीठ मळलं, भाकर थापली. ती नेहमीसारखीच टम्म फुगली. चुलीवरून तशीच उचलून त्यांनी ती नवऱ्याच्या ताटात नेऊन टाकली.

निवृत्तीरावांनी घास मोडला, चावला. मग भाकरीकडे पाहिलं.

"आज भाकर सूनबाईनं केली काय?"

भाजी वाढणारी निशिगंधा थांबली. तिनं सासूकडे पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं.

"हाव," वच्छलाबाई घाईनं म्हणाल्या. "आतापासून तीच करीन."

"शिकीन ती हळूहळू," ते सुनेला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाले आणि दुसरा घास मोडला. "तू दाखवत जाय तिले."

"हाव," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि मनगटापर्यंत पीठ लागलेले हात त्यांनी पदराखाली घेतले.